पोस्टाचा उतार

आजही कुणी सायकलच्या टायरवर अंगठा दाबून 'हं' असं म्हणालं, की माझं डोकं सणकतं. बायको म्हणते, किती वर्षं धरून बसाल. पण चार वर्षं दर रविवारी सकाळी सहाला बीड बायपासवरच्या टपरीसमोर ज्यानं आपल्या सायकलची अशी तपासणी करून घेतलीय, त्यालाच ते कळणार. आणि बाकीचं जे झालं, ते तर तिलाही पूर्ण कळलेलं नाही.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. भूजल खात्यात होते. विहिरींची पातळी मोजण्यात सगळी नोकरी गेली आणि रिटायर झाल्यावर सायकलीला लागले. आमच्या गावात जो माणूस न विचारता समजावून सांगतो, त्याला लोक सर म्हणायला लागतात, तसे हे सर. टपरीच्या खांबाला त्यांनी एक कागद चिकटवला होता. 'डोंगरातली सायकल, नवशिक्यांसाठी, फुकट. वयाची अट नाही. वेगाची तर नाहीच नाही.' तो कागद मी वाचला, ही माझी चूक.

माझी तिथं जायची कारणं दोन. एक, साखर काठावर आली होती आणि डॉक्टरनं घाम काढायला सांगितलं होतं. दुसरं कारण घराचं. गारखेड्यात आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहत होतो. नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि तेही घरमालकाची टाकी भरून उरलं तर आमच्या वाट्याला. दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तेव्हा आमच्या गल्लीत बायका टँकरवर एकमेकींच्या घागरी फेकत होत्या. बायको गंगापूरकडची, लहानपणी उसाच्या पाटात पाय सोडून बसलेली. तिचं मागणं एकच होतं. "घर कसलं बी घ्या. पत्र्याचं चालंल. पण दारात आपलं पाणी पायजे." शहर तेव्हा बायपासपलीकडच्या सातारा गावाच्या डोंगराकडं सरकत होतं, आणि सरांची रपेट तिकडंच जायची. म्हटलं, घामही निघेल आणि प्लॉटही बघून होतील.

पहिल्याच दिवशी मी नवी कोरी जाड टायरची सायकल घेऊन गेलो. येताना पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतली होती. त्यानं मोठ्या खुशीनं सांगितलं होतं, "पत्थर जैसा कर दिया साब, अब टेन्शन नक्को." सरांनी अंगठा टेकवला आणि चेहरा असा केला, की जणू मी त्यांच्या घरात चपला घालून शिरलो.

"पाहुणे," ते म्हणाले. नव्या माणसाला ते पाहुणे म्हणायचे. "वजन किती?"

"कुणाचं?"

"तुमचं. सायकलीचं मला माहितीय."

चारचौघांत सांगितलं. ब्याऐंशी. सरांनी वहीत लिहिलं, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि फूस करून हवा सोडून दिली. मी बघतच राहिलो. मग परत अंगठा. "पुढचं टायर कसं पाहिजे? दौलताबादचा पिकलेला पेरू. मागचं? अर्धकच्चा. मुरमावर दगडासारखं टायर उडतं, आणि तुम्ही त्याच्यावर असता. हवा फुकट मिळते म्हणून लोक ठासून भरतात."

हे भाषण मी त्यानंतर दोनशे वेळा तरी ऐकलं असेल. दर रविवारी एखादा नवा पाहुणा यायचाच, आणि सर पेरवापासून सुरुवात करायचे. आम्ही जुने लोक हातात चहाचे ग्लास घेऊन उभे. ऊन डोक्यावर यायचं. कधी कधी वाटायचं, तो कागदच फाडून टाकावा.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. आयुष्य मायक्रोमीटरवर गेलेलं. अंगठ्यानं हवा मोजणं मला कसं पटावं? एकदा मी बॅटरीवरचं प्रेशर मीटर घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, सर, होऊन जाऊ द्या. पाच सायकली. सरांनी अंगठा लावून आकडा सांगायचा, मी मीटर लावायचं. चार आकडे बरोबर आले. पाचव्याला सर म्हणाले अठ्ठावीस, मीटर म्हणालं चौतीस. मला लई आनंद झाला. सर शांतपणे म्हणाले, "क्वालिटीवाले, तुमचं मीटर तपासून घ्या."

सोमवारी मी ते कारखान्यात तपासलं. एकाच टायरला कधी बरोबर, कधी सहा पॉइंट जास्त दाखवत होतं. परत तपासलं. दोनदा लावलं तर दोनदा वेगळं. मीटरच बिघडलेलं होतं. हे मी पुढच्या रविवारी कुणालाही सांगितलं नाही, सरांनीही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला क्वालिटीवाले हेच नाव ठेवलं, आणि माझ्या कपाळाची शीर तेव्हापासून कायमची उडायला लागली.

त्यांच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढं दोन गोष्टी असायच्या, वजन आणि पाण्याचा वार. सिडकोत कुठल्या सेक्टरला कधी, गारखेड्याला कधी, पुंडलिकनगरला कधी, सगळं पाठ. शनिवारी संध्याकाळी मेसेज यायचा, 'उद्या एन-नऊला पाणी. तिकडचे येणार नाहीत. इतरांनी यावे.' कोणी पाण्याच्या दिवशी आलंच, तर सर त्याला घरी पाठवायचे. "डोंगर कुठं जात नाही, पाणी जातं." एकदा मला अर्ध्या वाटेतून परत पाठवलं, कारण आमच्या वॉर्डाचा वार बदलल्याचं मला माहीत नव्हतं आणि त्यांना होतं. घरी पोचलो तर खरंच नळ चालू. बायको म्हणाली, "देवमाणूस आहे." मी गप गुमान हंडे भरले.

पंक्चर झालं की आणखी तऱ्हा. बाभळीचे काटे आणि सराटे, तो सगळा माळ त्यांनीच भरलेला. जगातला कोणताही पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधतो. सर ट्यूब डोळ्यांजवळ धरायचे, पापण्या मिटायचे आणि इंच इंच फिरवायचे. पापणीला वारा लागला की भोक सापडलं. "माणसाला प्यायला नाही, अन् टायरला आंघोळ?" नियम असा, की प्रत्येकानं आपलं भोक आपल्या पापणीनं शोधायचं. रस्त्याच्या कडेला सात-आठ माणसं डोळे मिटून ट्यूबा चेहऱ्यासमोर फिरवत बसलीत, हे दृश्य बघून एसटीतले लोक खिडकीतून माना काढायचे. मी लाजेनं अर्धा व्हायचो. माझं भोक कधी पापणीला सापडलंही नाही, मला दर वेळी दुसऱ्या कुणाची पापणी लागायची.

पण सगळ्यात जास्त माझा जीव मेटाकुटीला यायचा तो विहिरींनी. वाटेत विहीर दिसली की सरांनी सायकल आडवी टाकलीच म्हणून समजा. पाठीवरच्या खाकी पिशवीतून लांब टेप काढायचा, त्याला शिशाचा तुकडा बांधलेला, तो आत सोडायचा, वाकून बघायचं, आकडा लिहायचा. एकेका विहिरीला वीस वीस मिनिटं. रिटायर होऊन वर्षं झाली, तरी.

"सर, आपण सायकल चालवायला येतो का विहिरी मोजायला?" मी एकदा विचारलंच.

"तुम्ही सायकल चालवायला."

"आणि हे आकडे देता कुणाला?"

"कुणी मागितले तर देईन."

"मागतं का कोणी?"

"अजून तरी नाही," सर म्हणाले आणि टेप गुंडाळायला लागले. टायरच्या बाबतीत हाच माणूस न विचारता तासभर बोलायचा. विहिरीचं मात्र विचारल्याशिवाय अक्षर नाही. हे मला तेव्हा विचित्र वाटलं, पण त्यांच्यातल्या किती विचित्र गोष्टींचा हिशोब ठेवणार?

माळाच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला एक लांब, पसरट उतार होता. नवशिक्यांना शिकवायला त्याच्यासारखी जागा नाही असं सर म्हणायचे. पडलं तरी लागत नाही आणि खालपर्यंत सगळं दिसतं. सर वाटेतल्या प्रत्येक जागेला पहिल्यांदा तिथं पडलेल्या माणसाचं नाव द्यायचे. एका वळणाला माझंही नाव होतं. या उताराला मात्र पडलेल्याचं नाव नव्हतं, पोस्टाचं होतं.

पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. नवरा गेल्यावर घरात बसून राहायला लागल्या म्हणून मुलीनं पाठवलेल्या. पहिल्या रविवारी त्या उताराच्या वर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी चालत येते. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारीही. सर दर वेळी त्यांच्या टायरमधली हवा बोटभर कमी करायचे, त्यांच्याबरोबर तो उतार पायी उतरायचे, कुठं दगड आहे, कुठं मुरूम सरकतो ते दाखवायचे, आणि परत वर चढायचे. आम्ही खाली उन्हात. बारा जण. त्यातले निम्मे तेव्हाच सोडून गेले. मीही सरांना सांगितलं, की बाईंना सपाटीवर चालवू द्या, सगळ्यांचा रविवार का घालवता?

"क्वालिटीवाले, तुमचा पहिला रविवार आठवतो का?"

आठवत होता, म्हणून जास्तच राग आला.

चौथ्या रविवारी बाई उतरल्या. ब्रेक दाबत, ओठ आवळून, अगदी गोगलगायीसारख्या, पण बसून उतरल्या. खाली आल्यावर सायकलवरून उतरायचं त्यांना सुचेना. तशाच बसून रडायला लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "सर, परत एकदा जाऊ?" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण परत एकदा म्हणजे आणखी एक तास, हेही मनात आलंच.

पुढच्या हिवाळ्यात त्या उतारावर पांढरे दगड उभे राहिले. चुना मारलेले, नंबर टाकलेले. प्लॉटिंग. सरांनी पहिल्या दिवशी सायकल थांबवून सगळा उतार वरपासून खालपर्यंत बघितला. मला वाटलं आता स्फोट होणार. पण ते नव्या पाहुण्यांना म्हणाले, "बरं झालं. या दगडांमधून नागमोडी चालवायची प्रॅक्टिस होईल." आणि खरंच महिनाभर त्यांनी ती प्रॅक्टिस घेतली.

मी त्याआधीच प्लॉट बुक केला होता. चौदा नंबर, अगदी उताराच्या तोंडाशी, जिथून सायकली खाली सुटायच्या. प्लॉटिंगवाल्यानं आम्हा नवराबायकोला जीपमधून नेलं, कोपऱ्यातल्या बोअरचं बटण दाबलं, आणि मनगटाएवढी धार पडली. बायकोनं ओंजळ धरली, प्यायली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "गोड आहे." अकरा वर्षांत तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता. पीएफ काढला, तिचे दागिने मोडले, इसार दिला. त्या धारेच्या मागं जमिनीत पुरलेली टाकी आहे आणि ती आदल्या दिवशी टँकरनं भरलीय, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सरांना मी सांगितलं नाही. कसं सांगणार? ज्या माणसानं मला ती जागा दाखवली, त्याचीच वाट मी विकत घेतली होती. कंपाउंड बांधलं की उताराचं तोंड बंद. दर रविवारी मी त्यांच्या मागं जायचो आणि तो उतार आला की मान खाली घालायचो. म्हटलं, रजिस्ट्री झाली की सांगू. तोपर्यंत कळायला नको.

पण विकलेल्या प्लॉटच्या दगडावर प्लॉटिंगवाला लाल रंगानं आडनाव लिहायचा, नवं गिऱ्हाईक लवकर फसावं म्हणून. मी त्याला बजावलं होतं, माझं लिहू नको. एका रविवारी बघतो तर चौदा नंबरवर माझं आडनाव, आणि खाली 'वाळूज'. सर नेमके तिथं बुटाची नाडी बांधायला वाकलेले. नाडी बांधून झाली तरी थोडा वेळ तसेच होते. मग उठले आणि सायकलीकडं गेले.

तिथून शंभर पावलांवर एक जुनी दगडी विहीर आहे. सर बाकीच्यांना पुढं जायला सांगून तिथं थांबले. "क्वालिटीवाले, इकडं या. आज टेप तुम्ही सोडा." चार वर्षांत त्यांनी टेपला कुणाला हात लावू दिला नव्हता. मी टेप सोडला. तो खाली खाली गेला आणि खडकावर टक्क वाजला. ओलाव्याचा मागमूस नाही, आणि महिना तर माघाचा, उन्हाळा अजून लांब.

"किती झाले?"

मी आकडा वाचला. सरांनी तो लिहिला, मग वही माझ्यासमोर धरली. "मागची पानं बघायचीत का? या उतारावरच्या तिन्ही विहिरी आहेत."

दगडावरचं नाव यांनी वाचलंय, आता हे काहीतरी काढणार, एवढंच डोक्यात. "चला सर, ऊन चढलं," मी म्हणालो आणि सायकल उचलली. त्यांनी वही पिशवीत ठेवली.

त्याच आठवड्यात रजिस्ट्री झाली. मग मी रविवारचं जाणंच कमी केलं. कंपाउंड उभं राहिलं तेव्हा सरांनी रपेट वेरूळच्या रस्त्याकडं वळवल्याचं पोस्टातल्या बाईंकडून कळलं. मला हायसं वाटलं. एकदाही त्यांनी फोन करून जाब विचारला नाही, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात चांगलं म्हणायलाही लागलो होतो.

बोअरची गाडी आली त्या दिवशी बायको हळदकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन उभी होती. तीनशे फुटांपर्यंत नुसता पांढरा भुगा उडाला. चारशेला भुगा. साडेचारशेला गाडीवाल्यानं तोंडावरचा रुमाल सोडून विचारलं, "और डालूं क्या?" दुसरीकडं घेतली, तिथंही तेच. सगळ्यांच्या केसांवर, ताटातल्या कुंकवावर ती धूळ बसली होती. नारळ बायकोच्या हातातच राहिला. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, "ते तुमचे सर विहिरीच मोजत होते ना जन्मभर? चार वर्षं त्यांच्या मागं फिरलात. एका शब्दानं विचारलं नाय?"

मी तसाच धुळीनं माखलेला सिडकोत सरांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता कपाटातून वही काढून टेबलावर ठेवली. तिन्ही विहिरी, ओळीनं वर्षं, प्रत्येक वर्षाच्या माघापुढं एकच शब्द. कोरडी. कोरडी. कोरडी.

"तो प्लॉट माझा आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"दगडावर वाचलं."

"आणि तिथं पाणी नाही, हेही."

"हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग सर, तोंड का उघडलं नाही? टायरमध्ये दोन पॉइंट हवा जास्त झाली, तर तुम्ही चौकात उभं करून माणसाची इज्जत काढता. माझ्या बायकोचे दागिने गेले सर. आता जन्मभर टँकरच्या मागं पळायचं. आणि तुम्ही गप्प?"

"टेप हातात दिला होता तुमच्या. वही पुढं धरली होती."

"टेप कशाला? शब्द बोलायचा होता."

आत सरांच्या बायकोनं, काकूंनी, टीव्हीचा आवाज बारीक केला. मग सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका हळू होता, "क्वालिटीवाले, तुमच्या प्लॉटवरून माझी वाट जात होती. मी म्हटलं असतं, इथं पाणी नाही, घेऊ नका. तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

मी केसांवरची धूळ झटकायला लागलो.

"तीन रात्री विचार केला," सर म्हणाले. "सांगावं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा स्वतःसाठी बोलतोय. तुम्ही विचारलं असतं, तर सांगता आलं असतं. मी वाट बघत होतो."

"नाही हो सर," मी म्हणालो. "तुमच्याबद्दल असं कसं वाटेल मला?"

त्यांनी मान हलवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत आम्ही दोघं त्या उघड्या वहीसमोर बसून राहिलो. मी खोटं बोललो होतो. विहिरीत टेप सोडून घरी आलो, त्याच दुपारी मी बायकोला सांगितलं होतं, "म्हाताऱ्याला कळलंय. आता वाट वाचवायला तो पाण्याचं काहीतरी काढेल. तू लक्ष देऊ नको."